बुवांची चिडचिड

एका नामवंत गवयावरचा माहितीपट मी सभागृहात पाहत होते. शेजारी त्यांच्या कन्या, सुमनताई बसल्या होत्या. पडद्यावर शिष्यांमागून शिष्य येत, बुवांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावत आणि सांगत, "बुवा म्हणजे देवमाणूस." सुमनताई पाहुण्यासारख्या ऐकत होत्या. हारांवर हार चढले की त्यामागचं माणूस दिसेनासं होतं. कौतुक खोटं नसतं, पण त्यात घरच्यांना आपलं माणूस सापडत नाही.

मग एका जुन्या मैफलीचा तुकडा आला. कापायचा राहून गेला असावा. बुवांचा वरचा षड्ज काही लागेना. ते खाकरले, पुन्हा चुकले आणि मागे वळून तंबोऱ्याच्या साथीला बसलेल्या मुलीवर खेकसले, "तंबोरा उतरलाय! नीट मिळव आधी!"

सभागृहात कुणीतरी चुकचुकलं. सुमनताई मात्र खुदकन हसल्या.

"तंबोरा चांगला सुरात होता हो," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "मीच बसले होते साथीला. पुढं घरी येईस्तोवर बोलले नाहीत. आणि आल्यावर स्वतः चहा करून दिला मला."

पडद्यावर बुवा अजून धुसफुसत होते. अंधारात सुमनताईंचा हात हळूच कानाच्या पाळीकडे गेला.