नारळाची वडी आणि निसर्ग निरीक्षण

कंपनी मला अमेरिकेला पाठवणार हे कळताच घरच्यांनी आधी माझं लग्न उरकायचं ठरवलं. वधूवर मंडळाच्या फॉर्मात 'छंद' असा रकाना होता. वाचन, संगीत तर सगळेच लिहितात, म्हणून मी ठोकून दिलं, 'निसर्ग निरीक्षण'. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माझा निसर्गाशी संबंध म्हणजे आमच्या विश्रांतवाडीच्या घरातल्या पाली. पण फॉर्म वाचतंय कोण!

सदाशिव पेठेतल्या मुलीने वाचला होता. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पोह्यांनंतर नारळाच्या वड्या आल्या. "हिनेच केल्यात हो," तिची आई म्हणाली. वडी दाताखाली फुटेना. सगळे गप्पांत रंगलेले पाहून मी ती हळूच शर्टाच्या खिशात टाकली.

"दोघं जरा पाय मोकळे करून या," तिचे वडील म्हणाले. रात्रीचे नऊ वाजले होते. मुलगी मला मनापासून आवडली होती, त्यामुळेच माझी पाचावर धारण बसली.

जिना उतरताच ती म्हणाली, "चला, दाखवा निसर्ग."

मी डोळे ताणून शोधू लागलो. विजेच्या तारेवर काहीतरी बसलं होतं.

"पिंगळा," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"मोजा आहे. वरच्या गॅलरीतून पडलाय. महिना झाला."

पुढे मला रातराणीचा वास आला. तिने समोरच्या वाण्याच्या दुकानातली उदबत्ती दाखवली. मग तीच एकेक दाखवू लागली. फुटपाथच्या फटीत दोन पानांचं पिंपळाचं रोप, दिव्याभोवतीचे किडे टिपणारं वटवाघूळ. याच रस्त्याने मी दोन वर्षं क्लासला गेलो होतो आणि मला फक्त खड्डे दिसले होते. लाज वाटली, पण मजाही वाटत होती.

आम्ही एका पारावर टेकलो. वारा नसतानाही पिंपळाची पानं का हलतात ते ती सांगत होती. माझ्या छातीत गुदगुल्या व्हायला लागल्या. प्रेमात पडल्यावर असंच होत असणार, असं मला वाटलं.

"हलू नका," ती माझ्या शर्टाकडे वाकून बघत म्हणाली. "मुंग्यांची रांग आहे. पारावरून बाहीवर, तिथून खिशात. काय आहे हो खिशात?"

मी वडी बाहेर काढली. माझ्या दातांच्या खुणांसकट.

"इतकी वाईट होती?"

आता संपलंच सगळं, असं वाटलं. पण तिच्याशी आणखी खोटं बोलवेना.

"होती. आणि मला निसर्गातलं काही कळत नाही."

"ते मोज्यापाशीच समजलं." तिने वडी घेतली आणि मुंग्यांसाठी पाराच्या कडेला ठेवली. "घरी वडी आवडली म्हणून सांगा. मीही सांगते, यांना निसर्गातलं फार कळतं."

दुसऱ्या दिवशी होकार आला. ती अजूनही वड्या करते आणि मी अजूनही खिशाचेच शर्ट घेतो. रात्री जेवून फिरायला निघालो की दारातच ती विचारते, "अहो, मुंग्यांचा खाऊ घेतलात ना?"