राणी गेली त्या दिवशीची पानं

विट्याच्या एसटी स्टँडबाहेर अंजनाबाई वीस वर्षं पेपर विकतात. कुणी राज्यकर्ता गेला, की त्या दिवशीच्या प्रत्येक पेपरचं पहिलं पान त्या जपून ठेवतात. एरवी चार पेपरांची तोंडं चार दिशांना; मोठं माणूस गेलं, की सगळे एकाच चेहऱ्याकडे बघतात, याचं त्यांना फार नवल.

इंग्लंडच्या राणीची बातमी आली ती अनंत चतुर्दशीच्या सकाळी. गठ्ठा सोडला आणि त्या उभ्याच राहिल्या. अर्धं पान भरून तो शांत म्हातारा चेहरा. एका पेपरात मात्र पहिल्या पानावर दागिन्यांची जाहिरात होती, राणी आत.

"बाई मेलीया, आन ह्यास्नी हार सुचत्यात!"

सोनं गाळून शुद्ध करायच्या, म्हणजे गलईच्या धंद्यापायी विट्याची माणसं देशभर पांगलेली. दिवाळीला येताना तिकडचं पान आणा, असे अंजनाबाईंनी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. केला नाही तो पोटच्या पोराला. इंद्रजित सैन्यभरतीचा सराव सोडून कोइमतूरला गलईच्या दुकानात गेला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "शिकलेलं मातीत घातलंस. परत तोंड दावू नगंस." सव्वा वर्ष त्यानं खरंच दाखवलं नव्हतं. तिकडं पोरं वेळेवर जेवतात का, हे त्या त्याच्या दुकानातल्या जोडीदाराच्या, कृष्णातच्या आईला आडून विचारत.

दिवाळीत पानं आली. बंगाली, तेलुगू, मल्याळी. अंजनाबाईंनी ती खाटेवर मांडली. कुठं अक्षरांची वेटोळी, कुठं दोरीवर वाळत घातल्यासारखी, चेहरा तोच. एवढ्या लांबची बाई, आणि एका रात्रीत साऱ्या लिप्यांतून फिरून आली!

शेवटी कृष्णात आला, एकटाच. त्यानं तमिळ पान पुढं केलं.

"मावशी, इंद्रजितनं दिलंय."

प्रत्येक मथळ्याखाली पेन्सिलीनं बारीक मराठी लिहिलं होतं. 'सत्तर वर्षांची राजवट संपली.' 'राजवाड्याबाहेर लोक रडले.'

"कुणाकडनं लिवून घेतलं रं?"

"कुणाकडनं कशाला? वाचतोय की त्यो! गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या बी वाचतोय. मालक मास्तर म्हंत्यात त्याला."

अंजनाबाई त्या जिलेबीसारख्या अक्षरांकडे आणि खालच्या ओळखीच्या अक्षराकडे बघत राहिल्या. राणी राहिली बाजूला. हे सगळं माझ्या पोराला वाचता येतं?

कोपऱ्यातल्या एका लहान बातमीखाली काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"आये?"

"कोपऱ्यातली बातमी सोडलीस. काय हाय तिच्यात?"

"फोटू धाड. वाचून सांगतो."

"फोटूबिटू न्हाई धाडत. हितं येऊन वाच."