बॅटरीची दोन टोकं

म्हसावदला आमचं जळालेल्या मोटरी भरून द्यायचं दुकान. घरधनी गेले तेव्हापासून मीच तारा गुंडाळते. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं हातानं शिकलेलं. सून मात्र आयटीआय झालेली. ती आली आणि वर्षभरात गिऱ्हाईक पायरीवरूनच तिची चौकशी करायला लागलं, "ताई शे का?" मी समोर बसलेली, तरी! खोटं कशाला बोलू, जळायचे मी.

धडगावकडचा एक जण मोटर घेऊन आला. तिकडे नाल्याच्या धारेवर पंप उलटा फिरवतात. मग मोटर वीज खात नाही, उलट देते. चार घरांचे दिवे तिच्यावर. सुनेनं आठ दिवस खपून भरली. काय बांधली होती हो! माझ्यापेक्षा सुबक. तेच तर दुखलं.

ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर फिरवून पाहिली, तर बल्ब लागेना. कपॅसिटर बदलले, जोडण्या तपासल्या, काही नाही.

मला कळलं होतं. बेअरिंग काढताना तिनं रोटर, म्हणजे मोटरीचा आतला फिरता गाभा, तापवला, वर हातोडा मारला. लोखंडात चुंबकाची थोडीशी ओढ उरलेली असते ना, ती गेली. तेवढ्या ओढीवरच पहिली वीज उठते, मग कपॅसिटर ती वाढवतो. एरवी आम्ही भरलेली मोटर लाइनवर चालवून बघतो, त्यात ओढ आपोआप परत येते. पण गावची डीपी जळालेली, थ्री-फेज लाइन नव्हतीच.

मी शेंगा सोलत बसले. म्हटलं, बघू दे ताईला.

दुसऱ्या दिवशी धडगाववाला सकाळपासून ओट्यावर. "माय, आज व्हई का?"

"तुन्ही ताईलेच इचार."

दुपारी सून छिन्नी घेऊन बसली, आपणच बांधलेली तार कापायला. "मन्हीच चूक व्हई," म्हणाली. डोळे भरलेले. छिन्नी तारेवर टेकली आणि माझ्याच बोटांना झिणझिण्या आल्या. इतकी चांगली बांधणी!

"ठेव ती. ट्रॅक्टरनी बॅटरी आन."

मोटर थांबलेलीच होती. मी वायरी सोडवल्या, गेलेली ओढ परत यावी म्हणून मोटरीच्या दोन टोकांना बॅटरी दोन-चार क्षण लावली, काढली. पुन्हा जोडून पट्टा चढवला. बल्ब आधी लालसर, मग भक्कन पांढरा.

धडगाववाला सुनेकडे बघून म्हणाला, "वा ताई!"

ताई!

तो गेल्यावर सून हात पुसत म्हणाली, "आत्या, तुम्हले कालदिनच माहित व्हतं ना?"

"व्हतं."

 ती माझ्यापुढचं शेंगांचं सूप ओढून सोलायला बसली. "बॅटरीनं कोनतं टोक कोठे लावानं?"

"कोठेबी लाव, चालस."

सकाळी पायरीवरून हाक आली, "ताई शे का?" आतून सून ओरडली, "पहिले आत्याले इचारा!"

बरं वाटलं. पण बघा, मला विचारा हेही तीच सांगणार. दुकान जसं काही तिचंच.