गाठ मारलेली वायर

आमच्या शेजारच्या दुकानात जो जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देतो, त्याला सगळे भिंगरी म्हणतात. हातातलं काम संपलं की गडी रिमोटवर चालणाऱ्या, भिंगरीसारख्या पंख्याच्या बोटी करतो, म्हणून हे नाव. त्याची बायको, आमची वहिनी, त्याच्या बरोबरीनं दुकानात बसते. डाख देण्यात तिचा हात त्याच्याहून सरळ.

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवर. वायरीच्या जोडीतल्या एकीला खुणेची गाठ मारायची, तर हा प्लसला मारतो आणि ती मायनसला. हा म्हणतो, "मोठ्या भावाला आधी ओवाळतात." ती म्हणते, "शिवण संपल्यावरच गाठ मारतात." वीस वर्षं संसार झाला, पण गाठीवर एकमत नाही.

त्या दिवशी नदीतल्या पंपाचं काम होतं; मी आणि वहिनीचा भाऊही मदतीला होतो. अंगानं हलकी म्हणून वहिनी पाइपावरून चालत पंपाच्या चौथऱ्यावर गेली. तेवढ्यात वरच्या धरणाचं पाणी सुटलं. बघता बघता पाइप बुडाला आणि पाणी चौथऱ्याला भिडलं. आम्ही दोरी फेकून फेकून दमलो. निम्म्यातच पडायची.

"बोट!" भिंगरी ओरडला आणि बोट ठेवलेल्या टेम्पोकडे पळाला.

बोट दोरा नेईल, दोऱ्यामागून दोर, दोराच्या मधोमध फुगवलेली ट्यूब. हिशेब बरोबर होता. पण बोटीचा जुना स्पीड कंट्रोलर आदल्या दिवशीच जळालेला. बॅटरीची ताकद रिमोटच्या हुकमाप्रमाणे मोटरला पुरवतो तो हा डबा. नवा एकच होता. त्याच्या बॅटरीकडच्या दोन वायरी वहिनीनं वाढवल्या होत्या. लाल वायर संपलेली, म्हणून दोन्ही काळ्याच. जोडावर थेट डब्यापर्यंत घट्ट नळी चढवलेली, त्यामुळं आतले मूळ रंग दिसत नव्हते. एका वायरीला गाठ.

"दाजी, लावा ना कशीही!" वहिनीचा भाऊ रडकुंडीला आला. "उलटी फिरली तर बदलू वायरी."

"पंखा आहे का तो? उलटी लागली की धूर निघेल. मग तुझी बहीण तिथंच."

भिंगरीनं वायर उंच धरली आणि घसा फाडून विचारलं, "गाठ प्लसला की मायनसला?"

पाण्याच्या आवाजात तिला काय ऐकू येणार? तिनं हात हलवले. तिच्या घोट्यावर पाणी चढलं होतं.

"माझ्या बहिणीची गाठ मायनसला असते, अख्ख्या जगाला ठाऊक आहे," भाऊ म्हणाला.

भिंगरीनं गाठीची वायर बॅटरीच्या मायनसपाशी नेली. हात थांबला. मग त्यानं वायर सोडली.

"मीटर आण!"

"आता मीटर?"

"आण म्हणतोय ना, मेल्या!"

त्या कंट्रोलरमधून, रिमोटचा हुकूम झेलणाऱ्या रिसीव्हरला वीज देणारी तीन बारीक वायरींची पट्टी निघते. तिच्यातली काळी म्हणजे मायनस, आणि ती आतून बॅटरीच्या मायनसलाच जोडलेली. मीटरचं एक टोक त्यानं तिथं टेकवलं, दुसरं गाठीच्या वायरीला. मीटर गप्प; जोड असता तर वाजला असता. मग बिनगाठीच्या वायरीला. मीटर टींऽऽ वाजला.

गाठ प्लसला होती.

भिंगरीनं आधी रिमोट चालू केला, स्पीडची काडी खाली ओढली आणि वायरींची टोकं बॅटरीला पिळली. मोटर टुकटुकली. दोरा बांधून बोट पाण्यात सोडली, तर ती मागंच सरकायला लागली. भाऊ लगेच बॅटरीच्या वायरींवर झेपावला. भिंगरीनं त्याच्या हातावर फटका मारला, बॅटरी सोडवली, मोटरची दिशा बदलायला तिच्याकडे जाणाऱ्या तीन वायरींतल्या दोघींची अदलाबदल केली आणि बॅटरी पुन्हा पिळली.

आता बोट नाक वर करून निघाली. प्रवाहानं आडवी नेली, भिंगरीनं वळवली. चौथऱ्याच्या खांबापाशी आली तेव्हा वहिनी गुडघाभर पाण्यात होती. ती वाकली. दोरा हाताला लागला.

दोरा ओढत तिनं दोर आणि ट्यूब जवळ घेतली, ट्यूबमध्ये बसली आणि मागच्या दोरानं आम्ही तिला ओढून घेतली. काठावर ती पहिल्यांदा खोकली, मग बोलली.

"गाठ कळली का?"

"तू प्लसला मारलीस!"

"तुमच्या रोजच्या कटकटीला कंटाळले. म्हटलं, एकदा तुमच्यासारखी मारू."

"आणि मी तुझ्यासारखी धरत होतो!"

भाऊ दोर गुंडाळायला लागला.

वहिनीनं ओला पदर पिळला, खांबापाशी अडकलेली बोट ओढून आणायला लावली आणि आत डोकावून बघितलं.

"वायरी नुसत्याच पिळल्यात? टेप कुठंय?"