तडा दिसला पाहिजे

अडतिसाव्या वर्षी बाई मोबाईलवर बंदुकांचा गेम खेळते हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मुलाचा मोबाईल आहे का?" मला मूल नाही. मोबाईल माझा, गेम माझा आणि त्यातली बंदूकही माझीच. बोईसरच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथून मला काढलं ते या गेमपायीच, असं माझा धाकटा भाऊ अजून सांगत फिरतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

गेम त्यानेच शिकवला. आम्ही दोघं जवळच्या पाम गावात आईबरोबर राहतो. माझा संसार तीन वर्षांत आटोपला आणि त्याचा अजून सुरू व्हायचाय. तो रिगर आहे, म्हणजे चेनपुली लावून जड सामान उंचावर चढवणारा आणि उतरवणारा. तेव्हा आम्ही दोघं एकाच ठेकेदाराच्या हजेरीवर होतो. तो वर लोखंडी मचाणावर, मी खाली स्टोअरच्या खिडकीत. हातमोजे, चष्मे, पट्टे, हेल्मेटं, सगळं माझ्या हातून जायचं. संध्याकाळी घरी येऊन चहा झाला की आम्ही मोबाईल घेऊन ओट्यावर बसायचो, कारण घरात रेंज येत नाही. गेममध्ये चौघांचा संघ असतो. दोघं आम्ही, दोघं कुठले तरी अनोळखी. भाऊ छाती काढून पुढे धावायचा आणि मी औषधाची पेटी घेऊन त्याच्या मागे.

आधी आम्ही जो गेम खेळायचो त्यात कुणाला किती लागलंय ते कोपऱ्यातल्या पट्टीवर कळायचं. पट्टी हिरवीची लाल व्हायची, पण माणूस मात्र लग्नाला निघाल्यासारखा कोराकरकरीत. दहा गोळ्या खाल्ल्या तरी शर्टाची इस्त्री मोडायची नाही, आणि अकरावीला एकदम आडवा. मला त्याची चीड यायची. माणूस असा एकदम संपतो होय? आधी त्याचं काही ना काही तुटतं, झिजतं, लोंबायला लागतं. बघणाऱ्याने बघायचं ठरवलं तर ते दिसतं.

नव्या गेममध्ये पट्टीच नव्हती. अंगावर चिलखत होतं. छातीला पत्रा, खांद्यांना वाट्या, डोक्याला टोप. पहिली गोळी लागली की पत्र्यावर बारीक तडा जायचा. दुसरीला तडा पसरायचा, तिसरीला टवका उडायचा, आणि मग खांद्याची वाटी सुटून खण्णकन खाली पडायची आणि आतला मळका सदरा दिसायचा. जिथे लागलं तिथेच फुटणार. समोरचा डावीकडून उघडा पडलाय हे लांबूनसुद्धा कळायचं. स्वतःचंही तसंच. बंदूक धरलेल्या हातावरचं कवच पडद्याच्या खालच्या बाजूला दिसत राहायचं, आणि त्याला चिरा गेल्या की आपल्यात किती जीव उरलाय ते कुणाला विचारावं लागायचं नाही. ज्याने कुणी हे बनवलं त्याला मार खाल्लेल्या माणसाची कदर असणार, असं मला मनापासून वाटायचं.

"ताय, तू गोळी मारायची सोडून त्याचा पत्रा बघत बसते," भाऊ म्हणायचा. "म्हणून मरते तू."

"मरते तर मरते. बघून मरते."

मग गेममध्ये एक सोनेरी पोशाख आला. तो विकत घ्यायचा होता आणि भावाने तो लगेच घेतला. गोम अशी की हा पोशाख फुटत नव्हता. आत जीव सगळ्यांइतकाच, गोळी लागली की तेवढाच कमी होणार, पण वरून ना तडा ना टवका. पैसे देणाऱ्यांना आपली शोभा फुटलेली बघवत नसावी. मी भावाला म्हटलं, हे म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. तो म्हणाला, "ताय, दिसतो कसा ते बघ की!" दिसत होता छान, नाही म्हणत नाही.

दोनच दिवसांनी त्या पोशाखाने त्याला मारलं. आम्ही एका पडक्या गोदामात अडकलो होतो. माझ्याकडे एकच मलमपट्टी उरली होती. उजवीकडे आमच्या संघातला एक अनोळखी गडी, त्याचा अर्धा टोप उडालेला आणि छातीचा पत्रा लोंबतोय. डावीकडे भिंतीआड भाऊ, नखशिखान्त लखलखीत. मी उजवीकडे धावले. पट्टी बांधून होते न होते तोच भाऊ कोसळला.

"ताय, मला का नाय दिली पट्टी? एक गोळीचा जीव होता माझा!"

"मला कसं कळणार? नवरदेवासारखा चमकत उभा होतास तू!"

तो पोट धरून हसला. "गेम हाय गं ताय." मला हसू येईना. मी भाकऱ्या थापायला आत गेले आणि त्या दिवशी भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापल्या गेल्या.

ते दिवस कारखान्यात शटडाऊनचे होते. शटडाऊन म्हणजे वर्षातून एकदा कारखाना थांबवून आतल्या सगळ्या पाइपांची, टाक्यांची, मनोऱ्यांची दुरुस्ती करायची. एकाच वेळी वरही माणसं आणि खालीही माणसं. वरच्याच्या हातून पाना सुटला की तो खालच्याच्या डोक्यावर. त्या गोदामातल्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराची गाडी स्टोअरला लागली आणि दोन गोणी उतरल्या. आत वीस हेल्मेटं, पिवळीधमक.

"नवा माल, मॅडम," ठेकेदार म्हणाला. "नवीन म्हणून सही करा आणि नऊ वाजता वाटून टाका. उद्या तपासणीला लोक यायचेत."

माणूस गोड होता. आईच्या गुडघ्याची चौकशी करायचा, गणपतीत सगळ्यांना पेढे पाठवायचा. अशा माणसाला नाही म्हणताना जीभ अडखळते आणि तो हे पुरतं ओळखून होता. खरं सांगायचं तर मागची पाच वर्षं शटडाऊनच्या आधी अशीच गोणी यायची आणि मी सही करायचे. रंगाचा वास यायचा. नव्या वस्तूला वास येतोच, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. डोळ्यांवर कातडं ओढायला मलाही येतं.

त्या सकाळी मात्र एक हेल्मेट हातात घेतलं आणि त्याची ती चमक बघून आदल्या संध्याकाळचा सोनेरी पोशाख आठवला. मी ते कानाजवळ धरून दोन्ही तळव्यांनी दाबलं. चांगलं हेल्मेट मुकाट्याने दबतं आणि परत येतं. हे करकरलं. उलटं केलं तर आतल्या जाळीला घामाचे डाग, आणि जाळीत अडकलेला एक पांढरा केस. नव्या हेल्मेटात केस कुठून आला?

ठेकेदार ऑफिसकडे गेला होता. मी रॅकवरून थिनरचा डबा काढला, चिंधी भिजवली आणि पुसायला बसले. पिवळ्या रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती आणि लांबीखाली तडा, टाळूपासून कानापर्यंत. दुसऱ्याला खड्डा. तिसऱ्याची कडच उडालेली. तासाभरात वीसच्या वीस पुसून झाली आणि त्यांतलं एकही धड निघालं नाही. थिनरने हेल्मेट आणखी कमजोर होतं हे मला ठाऊक होतं. ती पुन्हा कुणाच्या डोक्यावर जाऊ नयेत, हेच मला हवं होतं. मग काळा मार्कर घेतला आणि प्रत्येक तड्याभोवती ठळक गोल काढला.

नऊ वाजता खिडकीसमोर वीस माणसांची रांग लागली. मी सगळी हेल्मेटं फळीवर मांडून ठेवली होती. पहिला होता तो उत्तर प्रदेशातला एक वयस्कर वेल्डर. ज्यात पांढरा केस सापडला होता तेच त्याने उचललं, फिरवून बघितलं आणि तड्यावर बोट ठेवलं.

"दीदी, ये तो मेरा ही है. पिछले साल इसी पे पाना गिरा था."

मग सगळेच पुढे आले आणि आपापलं शोधू लागले. ज्याला त्याला आपला मार बरोबर आठवत होता. हा खड्डा क्रेनचा हूक लागला तेव्हाचा, ही चीर शिडीवरून घसरलो तेव्हाची. गेल्या वर्षी जे डोक्यावरून उतरवून फेकलं तेच यंदा रंगवून परत आलंय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

भाऊ सतराव्या नंबरवरून पुढे आला आणि खिडकीत तोंड घालून हळू आवाजात भांडायला लागला.

"ताय, काय मांडलंस हे? हात दाखवून अवलक्षण! दोघांचा पण काम जाईल. दे ती टोपी, आमी चढतो वर."

"तुझी कुठली?"

त्याने दाखवली. "दाब," मी म्हटलं. त्याने दाबली. करकर झाली आणि कडेचा तुकडा निघून त्याच्या हातात आला. त्याने तो तुकडा गुपचूप फळीवर ठेवला आणि तरी म्हणाला, "इतके दिवस काय झाला नाय ना?" मला त्याच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटली.

तेवढ्यात ठेकेदार आला. फळीवरचा बाजार बघून त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, हे काय केलंत?"

"रंग काढला."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. गाडीकडे गेला आणि एक खोका घेऊन आला. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं हेल्मेट होतं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. खरंखुरं नवं. ते त्याने खिडकीतून माझ्या हातात दिलं आणि आवाज खाली आणला.

"हे भावाला द्या. बाकीच्यांचं मी बघतो, दोन-चार दिवसांत. तुम्ही फक्त सही करा आणि ह्यांना कामाला लावा. आईला आता ह्या वयात कशाला त्रास?"

मी ते दाबून बघितलं. मुकाट्याने दबलं आणि परत आलं. इथे मी काही लपवणार नाही: माझं मन हो म्हणालं. भाऊ एकच आहे. वडील गेल्यावर त्याचा डबा मी भरला, त्याला या कामावर मीच चिकटवला. रोज तो वर चढला की वरून येणाऱ्या प्रत्येक खणखणाटाने मला खाली धस्स व्हायचं. हे एक हेल्मेट त्याच्या डोक्यावर गेलं असतं तर मी निदान तो आठवडा सुखाने झोपले असते. भावानेही ऐकलं होतं. त्याचा हात खिडकीतून आत आलाच होता.

त्याच्या मागे एकोणीस माणसं उभी होती, उघड्या डोक्याने. सगळ्यांचा जीव तेवढाच, आणि एकाचं डोकं तेवढं चमकवायचं, ते माझ्या सहीच्या भावात. मला संताप आला, ठेकेदाराचा आणि स्वतःच्या त्या पाच वर्षांचाही.

"रांगेत पहिला कोण होता?" मी मोठ्याने विचारलं.

वयस्कर वेल्डर घुटमळत पुढे आला. मी भावाच्या पसरलेल्या हातावरून ते नवं हेल्मेट पुढे नेलं आणि त्याच्या हातात ठेवलं. तो ते घालेना. माझ्याकडे बघायचा, भावाकडे बघायचा. "पहनो, भैया," मी म्हटलं, तेव्हा कुठे त्याने ते डोक्यावर चढवलं.

"मॅडम, महिनाअखेर तुमचं काम संपलं समजा," ठेकेदार म्हणाला. आता आवाजात साखर नव्हती.

"संपू दे. आज खिडकीत मी आहे. अजून एकोणीस आणा. हेल्मेटांचं दुकान इथून पंधरा मिनिटांवर आहे, आणि ते काही कालच उघडलेलं नाही."

भावाचा हात अजून खिडकीतच होता. लहानपणी माझ्या ताटातला मासा मी त्याला काढून द्यायचे. मी त्याला नाही म्हटल्याचं त्याला आठवत नसेल, मलाही आठवत नाही.

"आणि मी, ताय?"

"तू कितवा होतास?"

"सतरावा."

"मग सतरावी तुझी."

त्याचे डोळे भरले, रागाने की कशाने ते त्यालाच ठाऊक. माझेही भरले, पण मी खिडकीतून हलले नाही. त्याला हवं असतं तर फळीवरची एखादी फुटकी उचलून तो वर चढला असता आणि मग एकेक करून सगळेच चढले असते. त्याने हात मागे घेतला. वळला, सोळा माणसांना ओलांडून मागे गेला आणि सतराव्या जागी हाताची घडी घालून उभा राहिला. ठेकेदाराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिथेच उभं राहून दुकानात फोन लावला.