डेमनच्या वाटची कड

व्हर्ना बेसेलच्या हाताला चव होती आणि जिभेला धार, हे होबार्टच्या धक्क्यावर कुणीही सांगेल. ती स्वतः मात्र धक्क्यावर पाऊल ठेवत नसे. तिचा मुलगा डेमन खाली दक्षिणेला, हर्ड बेटाजवळ, गळांची दोरी ओढताना लाटेबरोबर गेला होता. प्रेतही मिळालं नाही. खलाशी त्या जागेला 'डेमनची घळ' म्हणू लागले. दरवर्षी हंगाम सुरू झाला की कप्तान मर्व डिरीन तिच्या दारात यायचा आणि ती त्याच्या हातात शिंपल्यांचं करी घातलेलं सारण पिठाच्या पारीत भरून भाजलेली पाई ठेवायची. घळीवर पोचलात की पाण्यात सोडा, एवढंच तिचं मागणं. थडगं नसलेल्या पोराला आईनं दुसरं द्यायचं तरी काय?

बेटाभोवतीचा राखीव समुद्र वाढवणार, ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा ती खूश झाली होती. पेंग्विन जगतील, पोराच्या आसपासचा गलकाही कमी होईल. घळसुद्धा नव्या हद्दीच्या आत गेली, हे तिला कुणी सांगितलंच नाही. वादळाला न भिणारे बाप्ये व्हर्नाला भीत.

शेवटी मर्व आला, तेव्हा ती पीठ लाटत होती.

"राहू दे, व्हर्ना. यंदा पाई नको."

"का रे? दात पडले वाटतं सगळ्यांचे?"

"घळ बंद झाली. तिथं आता मासेमारी नाही, म्हणजे आमचं जाणंही नाही."

लाटणं थांबलं. "मासे नका धरू. नुसते जा, पाई टाका नि या."

"वाट वाकडी करून जायला मालक डिझेल जाळू देईल होय?" मर्वनं टोपी काढली. "आणि खरं सांगू? ती आम्ही कधी टाकलीच नाही. त्या पाण्यात अन्नाचा कणही टाकायची बंदी आहे, पहिल्यापासून. सरकारी माणूस असतो ना जहाजावर."

"मग केलंत काय तिचं?"

"घळीवर इंजिन मंद करायचो. सगळे मिळून खायचो. कुणी बोलायचं नाही."

व्हर्नानं लाटणं बाजूला ठेवलं. म्हणजे इतकी वर्षं पोर उपाशीच. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं, तरी तो विचार काही हटेना.

"करपलेली कड कुणी खाल्ली?" डेमन लहानपणापासून त्या कडेसाठी भांडायचा.

"कुणीच नाही. ती त्याच्या झोपायच्या फळीवर ठेवायचो. एकदा एका नव्यानं तोंडात टाकली, तर आचाऱ्यानं त्याच्या मुस्काटात मारली."

"आणि मग?"

"मग काय, परत येईपर्यंत तिथंच. इथं धक्क्याला लागलो की बाहेर काढून ठेवायचो. सीगल न्यायचे."

व्हर्नानं पिठाचे हात पुसले.

"म्हणजे दरवर्षी तो धक्क्यापर्यंत येत होता," ती म्हणाली. "आणि मी इथं दार लावून बसले होते."