घरजावयाची दुसरी चिठ्ठी

इसाबुरोच्या डाव्या पायाला स्वस्थता म्हणून ठाऊक नव्हती. बसला की गुडघा हलायला सुरुवात. सेकी गावात याला दारिद्र्याची थरथर म्हणतात. बायको, चिगुसा, जेवताना त्याच्या मांडीवर चापट मारायची. "थांबवा हो! भांडी नाचायला लागली." तेवढ्यापुरता थांबायचा, की मग बोटांनी ताल.

आता, माणूस उगाच असा होत नाही. इसाबुरो घरजावई. ओगिसोंच्या कात्र्यांच्या कारखान्यात आला, आडनावही त्यांचंच लावलं. घरात तीन मापं कोंडा असला तरी घरजावई होऊ नये, असं जुनी माणसं म्हणतात. याच्या आईकडे तेवढाही नसावा.

सासऱ्यानं, म्हाताऱ्या तोमेकिचीनं, जाच केला असता तर परवडलं असतं हो. त्यानं मान दिला! "इसाबुरोसान, चहा घेतलात का? दमला असाल." पोरीला तो "ए भवाने" म्हणायचा, कामगारांच्या सात पिढ्या उद्धरायचा, कुत्र्याशीसुद्धा कडाकडा भांडायचा. याच्याशी मात्र अहो-जाहो. इसाबुरोनं कात्री वाकडी घासली तरी "छान झाली" म्हणायचा आणि मागाहून गुपचूप स्वतः पुन्हा घासत बसायचा. तीस वर्षं हे असं. सोन्याच्या ताटात जेवायला वाढायचं आणि बसायला मात्र उंबऱ्यावर सांगायचं, यातली गत.

घरात एक तलवार होती. गावच्या जुन्या, नामांकित लोहाराची, कानेत्सुराची. मुठीत दडलेल्या दांड्यावर त्याचं नाव कोरलेलं, हे साऱ्या आळीला पाठ. नव्या वर्षाला म्हातारा ती काढायचा, तेल लावायचा, आणि इसाबुरो चार हात लांब बसून बघायचा. हात लावायचा तो घरच्यांनीच.

मग या गड्यानं काय करावं? देवळात दर महिन्याला तलवार ओळखण्याची बैठक भरते, तिथं जायला लागला. दांड्यावरचं नाव फडक्यानं झाकतात. नुसतं पातं बघायचं आणि लोहाराचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. पंच उत्तर देतो, "लागला", नाही तर "नाही". भावाचं किंवा शिष्याचं नाव आलं तर "तोच समजा". संधी तीन. बघता बघता इसाबुरोची नजर बसली. मनात एकच, कधीतरी म्हातारा ती तलवार आपल्या हातात देईल.

यंदा थंडी पडता पडता म्हातारा दवाखान्यातून घरी आला, आणि दुसऱ्याच दुपारी त्यानं जावयाला आत बोलावलं. समोर तलवार, दांड्याला फडकं गुंडाळलेलं.

"इसाबुरोसान, नागोयाचा पुतण्या ही मागतोय. कोणाच्या हवाली करायची ते आज ठरवतो. तुम्ही आधी ओळखून दाखवा. पंच मी."

हात धुवायला इसाबुरो स्वयंपाकघरात गेला, तशी चिगुसानं त्याची बाही ओढली. "काहीही दिसू दे, कानेत्सुराच लिहा. म्हाताऱ्याचं मन मोडू नका, तुमच्या पाया पडते."

इसाबुरोनं तलवारीला नमस्कार केला, पातं दिव्यासमोर तिरकं धरलं, आणि पुन्हा एकदा धरलं. धारेलगतची ती पांढरी, धुक्यासारखी रेघ कानेत्सुराची असती तर उकळत्या पाण्यासारखी उसळली असती. ही जपून काढलेली होती. एकेक लाट मोजूनमापून, गुरू पाठीशी उभा असताना शिष्यानं काढावी तशी. हे त्याच्या शिष्याचं, कानेओकीचं काम. पातं जुनं, देखणं, पण वरचं नाव खोटं.

आता? खरं लिहावं तर म्हाताऱ्याचा जन्माचा अभिमान मातीत. खोटं लिहावं तर आपली नजर आपल्यालाच खाणार. पाय थडथडायला लागला. शेवटी लिहिलं, कानेत्सुरा.

म्हाताऱ्यानं चिठ्ठी वाचली. "नाही."

इसाबुरोला वाटलं, कान वाजले. साधं "तोच समजा"सुद्धा नाही!

"दोन संधी उरल्यात तुमच्या," म्हातारा शांतपणे म्हणाला.

दुसऱ्या चिठ्ठीवर अक्षरं वेडीवाकडी आली. कानेओकी. नाव मागाहून कोरलेलं.

"लागला." म्हाताऱ्यानं फडकं सोडलं. गंजानं काळ्या पडलेल्या दांड्यावर कानेत्सुराचं नाव होतं. "माझ्या आजोबांनी कोरवून घेतलं, बढाईपायी. मला लहानपणापासून ठाऊक आहे. पहिल्या वेळी खोटं का लिहिलंत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"पाहुणा असं वागतो. इतकी वर्षं या घरात पाहुणेच राहिलात?"

झालं! तीस वर्षांचं साठलेलं एकदम वर आलं. "राहिलो? तुम्ही ठेवलंत! माझी वाकडी कात्री एकदा तरी तोंडावर फेकायची होती. गुपचूप घासत बसायचात, मला कळत नव्हतं होय?"

म्हातारा चाचरला. "दुसऱ्याचा मुलगा. बोललो, आणि उठून गेलात तर? पोरीचं काय, कारखान्याचं काय? भीती वाटायची मला."

या माणसाला आपली भीती वाटत होती!

म्हाताऱ्यानं घसा खाकरला आणि धार स्वतःकडे वळवून, रीतीप्रमाणे, तलवार पुढे केली. इसाबुरोनं ती दोन्ही हातांनी घेतली.

"कानस आणा. ते नाव घासून टाका, म्हणजे कानेओकीची म्हणून खरेपणाचा दाखला मिळेल."

"नाही घासणार."

"खोटं आहे ते!"

"असू दे. तुमच्या आजोबांचं आहे. आता तलवार माझी आहे, माझ्या मर्जीनं ठेवीन."

"तुझी? देऊन चहा निवाला नाही तोवर तुझी?"

"तुम्हीच दिलीत ना बाबा? मग गप्प बसा!"

उघड्या पात्यावर बोलू नये, थुंकी उडाली तर गंज धरतो. दोघांनाही शुद्ध नव्हती.

आरडाओरडा ऐकून चिगुसा धावत आली. सरकतं दार वीतभर उघडलं आणि तिथंच थांबली. लग्न झाल्यापासून या दोघांचा आवाज एकमेकांवर चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून आले. बाहीचं टोक तोंडात कोंबून तिनं दार हळूच लावून घेतलं.

आत म्हातारा खच्चून ओरडत होता, "अरे गाढवा, बाबा म्हणतोस ना मला? मग ऐक की माझं!"